पोरगी गवंडी होऊ नये म्हणून

पोरीनं गवंडीकामाच्या प्रशिक्षणाला नाव घातलंय असं कळलं तर घाबरू नका. घरकुल योजनेखाली चालणारं ग्रामीण गवंडी प्रशिक्षण असतं अवघं ४५ दिवसांचं. तेवढ्यात भावकीनं मनावर घेतलं तर काहीही मोडता येतं.

आधी तिला सांगा, बांधकामाला आपला विरोध नाही. कसा असेल? स्लॅबच्या दिवशी घमेली वाहणाऱ्यांच्या रांगेत बायाच तर असतात. बीडकडची बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते, तेव्हा तिचा तोल जाईल अशी काळजी ना मुकादमाला वाटते ना नवऱ्याला. परांचीवर उभं राहून वीट लावायची म्हटलं की मात्र बाईमाणसाला चक्कर येते, हे सगळ्या गड्यांना पक्कं ठाऊक आहे. तेव्हा डोक्यावर हवं तेवढं द्या, हातात थापी देऊ नका.

माळवदाचं घर असणाऱ्यांनी जरा जपून बोलावं. पावसाळ्याआधी धाब्यावर पांढरी माती टाकणारी, भिंती सारवणारी आजी अजून घरात असेल तर ती मधेच विचारते, "मग म्या काय केलं रं इतकी वर्षं?" तिला चहा ठेवायला पाठवा.

खरी अडचण पोरगी ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का ते दाखवणारा दोरीचा गोळा, घेऊन घरी येते तेव्हा सुरू होते. सहज म्हणून ती तो ओसरीच्या भिंतीला लावते. वरचा ठोकळा भिंतीला टेकलेला, खाली गोळ्यात आणि भिंतीत बोटभर फट. भिंत सख्ख्या मेहुण्यानं बांधलेली. अशा वेळी वारं सुटलंय म्हणावं. ती पुढं असंही सांगेल की विटा भिजवून घ्याव्या लागतात, नाहीतर त्या सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी पितात. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. दगडी भिंतीचे दोन पदर बांधायला आरपार जाणारा दगड लागतो. तिला किल्लारीपर्यंत जाऊ देऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथल्या भूकंपात ज्या भिंती उकलल्या त्यांत असे दगड फारसे नव्हते, आणि त्या भिंतींवर एकाही बाईनं थापी चालवलेली नव्हती.

गावातला कुणी शिकलेला अहिल्याबाईंचं नाव काढेल. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार त्यांनी केला, हे कबूल करून टाका. पण देऊळ बांधवून घेतलं की पुण्य मिळतं. शेजाऱ्याच्या संडासाची भिंत बांधली की रोज द्यावा लागतो.

आणि रोजावरच तर सगळं अडलंय. समान कामाला समान मोबदला द्या, असा कायदा १९७६ सालीच झाला. तो मोडायची काही गरज नाही, काम समान होऊच द्यायचं नाही. ती दिवसभर भिंत रचत असली तरी वहीत 'बिगारी' लिहा. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो मागायला आली की शिक्का सापडत नाही म्हणावं. (शिक्का खिशात असतो, हे तिलाही दिसत असतं.)

एवढं करूनही ती शिकलीच तर उरते सोयरीक. बायोडाटात 'गवंडी' लिहू नका, 'सिव्हिल लाईनला आहे' म्हणा. खरं कळल्यावर पाहुणे नाक मुरडतील, "असली पोरगी कोण करून घेतंय?" असं पोराची मावशी मोठ्यानं म्हणेल. तेव्हा हळूच त्यांच्या मंजूर झालेल्या घरकुलाचा विषय काढा. सरकारचे मिळणार मोजकेच पैसे, त्यात सिमेंट, सळई, वाळू, वर गवंड्याची मजुरी. सुनेला हजेरी द्यायची रीत आपल्याकडं नाही, हे व्याह्यांना वेगळं सांगावं लागत नाही. मावशीसुद्धा बशीतला चहा संपवून पोरीला जवळ बसवून घेईल. फक्त व्याही मुहूर्त विचारतील तेव्हा तो लग्नाचा विचारतायत की पायाभरणीचा, एवढं स्पष्ट करून घ्या.