बेअरिंगच खराब निघालं म्हणे!

ब्लोअरचं, म्हणजे मोठ्या पंख्याचं, बेअरिंग वर्षात तिसऱ्यांदा गेलं की बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही शेडमध्ये एकच वाक्य ऐकू येतं, "माल डुप्लिकेट होता." असेलही एखाद्या वेळी. दर खेपेला? ज्या प्लमर ब्लॉकच्या, म्हणजे बेस आणि टोपी अशा दोन भागांच्या घराच्या (हाउसिंगच्या), पोटात ते घातलं, त्याच्याकडे कुणी ढुंकून तरी बघतं का?

खरेदीपासूनच बोंब. इंडेंटवर, म्हणजे मागणीच्या कागदावर, काय, तर "७० चा ब्लॉक, २ नग". अहो, ७० मिमी ही शाफ्टची, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याची, जाडी! २२२१६ के बेअरिंग, ते शाफ्टवर आवळणारी एच ३१६ स्लीव्ह आणि एसएनएल ५१६-६१३ हाउसिंग, एवढं लिहायला हात दुखतो? सील कुठलं, याचा तर उल्लेखच नाही. मग जिथे धूळ उडते तिथे फेल्टचं सील येतं आणि आत ग्रीसची काळी चटणी होते.

लोकेटिंग रिंगा, म्हणजे बेअरिंगला जागेवर धरणाऱ्या कड्या, स्टोअरमधून चार आल्या की चारही बसवायच्या, कारण उरल्या तर जीव तुटतो! १२.५/१४० मापाच्या दोनच रिंगा लागतात, त्याही शाफ्टच्या एकाच टोकाला, बेअरिंगच्या दोन बाजूंना. दुसरं टोक मोकळं आणि बेअरिंग सीटच्या, म्हणजे ब्लॉकमधल्या त्याच्या बैठकीच्या, मधोमध. २ मीटरचा शाफ्ट ४० अंशांनी तापला की जवळजवळ १ मिमी वाढतो. दोन्हीकडे रिंगा असल्या तर तो जाणार कुठे? दोन्ही बेअरिंगं आडवी दाबतो. उघडून बघा, रोलरची एकच रांग घासलेली दिसेल. त्यालाही म्हणणार डुप्लिकेट.

पण डोकं खरं फिरतं ते टोप्यांनी. टोपी (कॅप) आणि बेस यांचं भोक जोडीने कातलेलं असतं. आणि इथे चार ब्लॉकच्या टोप्या एकाच घमेल्यात रॉकेलने धुवून हाताला येईल ती वर! "बधूं सरखुं छे, चालशे." नाही चालत! जोडावर पायरी राहते, बोल्ट आवळले की बेअरिंगची बाहेरची रिंग चिमटली जाते. उघडण्याआधी दोन्ही भागांवर नंबर ठोका, दोन मिनिटांचं काम.

सीट ढिली झाली की आणखी एक अक्कल: आत टोकदार डॉट पंचाचे ठोके, नाहीतर डब्याचा पत्रा. ठोके चार दिवसांत चेपतात, रिंग पुन्हा फिरते. झिजलेलं हाउसिंग भंगारात टाका ना! तसंच बेसखाली रंगाचे पापुद्रे आणि एका कोपऱ्यात अर्धीच शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती. बोल्ट आवळला की बेस वाकतो, वाकला की सीट लंबगोल.

आणि ग्रीस. त्या २२२१६ ला टॉपअप किती? ०.००५ गुणिले बाहेरचा व्यास १४० मिमी गुणिले रुंदी ३३ मिमी, म्हणजे २३ ग्रॅम. ग्रीस गनचा एक स्ट्रोक किती ग्रॅमचा, ते काट्यावर एकदाच मोजून भिंतीवर लिहा. पण नाही, सीलमधून बाहेर येईपर्यंत दाबायचं. मग ग्रीस आतल्या आत घुसळतं, ब्लॉकला हात लावता येत नाही, आणि गरम झालं म्हणून परत गन! वर ऐटीत सांगणार, "भरपूर दिलंय, साहेब."

अरे, भरपूरच तर नकोय!