विचारणारा आधी येतो

ख्रिस्ती माणसाने आपल्या विश्वासाविषयी इतरांशी बोलावे की गप्प राहावे, याची चर्चा बेळगावच्या आमच्या मराठी मंडळीत रविवारची उपासना संपल्यावर, आवारात चहा घेताना, दबक्या आवाजात चालते. त्याला कारण आहे. याच शहरातील सुवर्ण विधानसौधात डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केले, २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला, आणि घरात चार माणसे प्रार्थनेला जमली तरी शेजारी काय म्हणतील, असे मनात येऊ लागले. राज्यघटनेचे पंचविसावे कलम धर्मप्रसाराचा हक्क देते. त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली म्हटले आहे. मला त्या निकालाचे वावडे नाही. मन पालटणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे, असे आपणच शिकवतो. मग तो आपला हक्क नव्हे, असे न्यायालयाने म्हटले तर वाईट का वाटावे?

माझी तक्रार आपल्याच लोकांविषयी आहे. काही जण भीतीने मिटून गेले आहेत आणि काहींनी सुवार्ता, म्हणजे येशूचा शुभसंदेश, सांगणे म्हणजे पत्रके वाटणे एवढाच अर्थ धरला आहे. सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा, ही येशूची आज्ञा मी विसरलेलो नाही. पण येशूचा शिष्य पेत्र बायबलमधल्या आपल्या पहिल्या पत्रात असेही सांगतो की, तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर देण्यास सदैव तयार असा, आणि ते सौम्यतेने व आदराने द्या. येथे विचारणारा आधी येतो. कोणाला काही विचारावेसे वाटेल असे आपल्या वागण्यात काय आहे, हा प्रश्न मात्र आपण शिताफीने टाळतो.

माझे वडील वारले तेव्हा शेजारच्या काकू, घरात पिढ्यान्‌पिढ्यांची वारी असलेल्या, दफनविधी होईपर्यंत थांबल्या होत्या. पुढे एकदा आमच्या स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता त्यांनी आईला विचारले, "वहिनी, मयतापुढे तुम्हाला गाणी म्हणवतात तरी कशी हो?" आईने हातातली जुडी खाली ठेवली. "रडू येतंच की. पण येशू मरणातून उठला, म्हणून ह्यांची पुन्हा भेट होणार, असा आमचा विश्वास आहे." काकूंनी आणखी काहीबाही विचारले, आईने ठाऊक होते तेवढे सांगितले, आणि मेथी निवडून झाली. काकू आजही पंढरीला जातात. ही सुवार्ता अपुरी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी टिळकांचे घर आठवावे: नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो घेतला पुढे काही वर्षांनी, स्वतःला पटल्यावरच.

मदतीचा विषय अधिक नाजूक आहे. लंडन मिशनरी सोसायटीची माणसे १८२० मध्ये बेळगावात आली, त्यांनी उपदेशाबरोबर शाळाही काढल्या, आणि सेवा व उपदेश यांची गाठ आपल्याकडे तेव्हापासूनची आहे. २०१९ च्या पुरात आमच्या तरुण संघाने तांदूळ-डाळीच्या पिशव्या भरल्या, तेव्हा प्रत्येक पिशवीत एक पत्रक घालावे, अशी सूचना आली. मी विरोध केला आणि आजही करीन. घरात चिखल भरलेला माणूस तांदूळ नाकारू शकत नाही, आणि ज्याला नाही म्हणण्याची सोयच नाही त्याच्या हाती पत्रक देणे पेत्राच्या आदरात बसत नाही. बरीच वादावादी झाली. शेवटी, कोणी विचारलेच तर मंडळीचे नाव लपवायचे नाही, एवढे ठरवून पिशव्या गाडीत चढवल्या.