दाजींचे दहा सेकंद

आमच्या दाजींना कुठलाही दावा करायला दहा सेकंद पुरतात. गेल्या डिसेंबरात ताईकडे गेलो होतो. केकचा तुकडा चहात बुडवत दाजी म्हणाले, "नाताळ मूळचा मिथ्रासचा, म्हणजे रोमन लोकांच्या एका देवाचा बरं का. तोही 25 डिसेंबरला जन्मला, कुमारीच्या पोटी, आणि बारा शिष्य होते त्याला. रोमन कागदपत्रांत आहे सगळं." एवढ्यात तुकडा कपात पडला आणि दाजी चमचा शोधू लागले.

मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी म्हणालो, "बघून सांगतो."

तीन रात्री गेल्या. एक पुस्तक दुसऱ्याचा हवाला देतं, दुसरं तिसऱ्याचा, आणि तिसऱ्यात असतं, 'असे मानले जाते'. लग्नाच्या स्थळाची चौकशी करावी तसं. मुलगा निर्व्यसनी आहे म्हणतात. कोण म्हणतं? सगळेच!

मुळाशी पोचलो, तर मिथ्रासवाल्यांची स्वतःची पोथीच शिल्लक नाही. आहेत ती तळघरासारखी देवळं, शिल्पं आणि कोरीव लेख. त्यांत मिथ्रास जन्मतो तो चक्क खडकातून. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात मशाल. बाळंतपण नाही, डिंकाचे लाडू नाहीत, बारसं नाही. बारा शिष्य शोधले तर बारा राशी सापडल्या, बैल मारणाऱ्या मिथ्रासभोवती कोरलेल्या. विंचू शिष्य म्हणून कसा वागला असता, यावर माझा पाऊण तास गेला. तो हिशेबात धरलेला नाही.

राहिली तारीख. इ. स. 354 च्या एका रोमन पंचांगात 25 डिसेंबरपुढे नोंद आहे: अजिंक्याचा जन्मदिवस, शर्यती 30. हा अजिंक्य म्हणजे सूर्यदेव, असा बहुतेक अभ्यासकांचा कौल. मिथ्रासचं नाव तिथं नाही. आता गंमत बघा. त्याच बाडातल्या दुसऱ्या एका यादीत, त्याच तारखेला, ख्रिस्त बेथलेहेमला जन्मल्याची नोंद आहे! बाड ज्याच्यासाठी केलं तो वालेंटिनसही ख्रिस्तीच. कुणी कुणाची तारीख ढापली म्हणून पंचनाम्याला जावं, तर दोन्ही पक्ष एकाच वहीत मांडीला मांडी लावून बसलेले. मूळ वही तर हरवलीच आहे, आपण वाचतो त्या नकलेच्या नकला.

हे सांगायला फोन केला तर दाजींचा दुसरा बार तयार: "ते सोड. निकियाला ख्रिस्ती धर्मगुरूंची परिषद झाली, तिथं रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं मतं घेऊन बायबलची पुस्तकं ठरवली, ते बघ."

पुन्हा दहा सेकंद. पुन्हा माझ्या दोन रात्री. निकियाच्या परिषदेचे, म्हणजे 325 सालचे, 20 नियम आहेत. मी सगळे वाचले. पहिलाच नियम असा, की ज्यानं स्वतःला खच्ची करून घेतलं त्याला पाद्री ठेवू नये. सतरावा पाद्र्यांच्या सावकारीवर. विसावा, रविवारी गुडघे न टेकता उभ्यानं प्रार्थना करावी. पुस्तकांबद्दल अवाक्षर नाही. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त वाचतोय असं वाटलं, फक्त पार्किंगचा वाद तेवढा नव्हता. निकियात पुस्तकं वेदीपाशी ठेवली आणि खोटी आपोआप खाली गेली, हा किस्सा येतो नवव्या शतकातल्या ग्रंथात. बायबलच्या नव्या कराराची आजची 27 पुस्तकांची यादी सापडते ती 367 साली, अथनेशियस या बिशपच्या ईस्टरच्या पत्रात.

खरं सांगायचं तर मीही काही साधू नाही. दाजींना गार करायला मी योसेफसचा उतारा काढून ठेवला होता. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार, आणि लिहितो की येशू हाच ख्रिस्त! पाठवण्याआधी पाहिलं, तर तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिगेन म्हणतो, योसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. म्हणजे त्या उताऱ्यावर पुढं कुणा भाविकाची लेखणी फिरलेली दिसते. माझा हुकमाचा पत्ताच खाडाखोडीचा निघाला. मुकाट्यानं खिशात घातला.

रविवारी ताईकडे गेलो. दाजींना सगळं साद्यंत सांगितलं, खडकाच्या शिल्पाचा फोटोही दाखवला. त्यांनी चष्मा चढवला, फोटो मोठा करून पाहिला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, जिंकलो.

"मग बरोबरच आहे की," दाजी म्हणाले. "खडकाचं कुठं लग्न झालं होतं?"

आतून ताईचं हसू ऐकू आलं.