म्हणे मुलींना कोडिंगची आवडच नसते

‘मुलींचा मेंदू माणसांत रमतो, मशीनमध्ये नाही, म्हणून टेकमध्ये त्या कमी. कोड लिंग बघत नाही. आणि लग्नानंतर सोडायचंच असेल तर सीट कशाला अडवता?’ हा फॉरवर्ड माझ्या भाचीला तिच्या सख्ख्या काकांनी पाठवला. ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

आधी मेंदू, कारण सगळा डोलारा त्याच्यावर. एनिअ‍ॅक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचे प्रोग्रॅम सहा जणींनी बसवले. मॅन्युअल नव्हतं. आराखडे वाचायचे, केबल बदलायच्या, स्विच लावायचे. १९४६च्या जाहीर प्रात्यक्षिकात तोफगोळ्याचा मार्ग काढणारा प्रोग्रॅम जीन जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर यांचा होता. त्या रात्रीच्या मेजवानीचं आमंत्रण मात्र त्यांना नव्हतं! तेव्हा हे काम कारकुनी मानलं जायचं, म्हणून बायका चालल्या. पुढे मान आला, पैसा आला आणि मेंदू बदलला? अमेरिकेत १९८४च्या सुमारास कॉम्प्युटर सायन्सच्या पदव्यांपैकी सुमारे ३७ टक्के मुलींकडे जात होत्या. पंचवीसेक वर्षांत हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास आलं. निसर्गाला एवढी घाई कधीपासून झाली?

आवडीच्या सर्वेक्षणांत सरासरी फरक दिसतो, हे खरंय. बरं, मान्य. पण सरासरीवरून समोरच्या मुलीला काय झेपेल ते कळत नाही, आणि तिथवर येईपर्यंत तिने काय काय ऐकलंय तेही नाही.

कोड लिंग बघत नसेल, रिव्ह्यू करणारा बघतो. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या पुल रिक्वेस्टचा, म्हणजे ‘माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या’ अशा विनंत्यांचा, अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एकंदरीत बायकांच्या रिक्वेस्ट पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारल्या गेल्या होत्या. पण प्रकल्पाबाहेरची कुणी असेल आणि प्रोफाइलवरून बाई आहे हे कळत असेल, तर कमी.

राहिलं ‘सोडतात’. सोडतात काही जणी. मीटिंगच्या नोट्स कुणाच्या गळ्यात पडतात, नव्या पोरांना कोण शिकवतं आणि अप्रेझलमध्ये त्याचं काय होतं, हे टीममध्ये बसलेल्यांना विचारा. रात्री तीनला सर्व्हर पडला की ऑन-कॉलवाला, म्हणजे ज्याची हाकेला धावायची पाळी असते तो, उठतो; त्याचं बाळ रडलं तर उठणारी घरात असते. ऑन-कॉलवालीला बहुतेकदा दोन्हींसाठी उठावं लागतं.

आणि सीट भाचीने प्रवेश परीक्षा देऊन मिळवलीय, काका. इंजिनिअरिंग करून एमबीएला पळालेल्या मुलग्यांना कधी विचारलंत, सीट का अडवली म्हणून?