काका, तुकडा काढायची तारीख चुकवू नका

पर्वतीवर फिरायला जाणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर एक मेसेज आठवडाभर फिरतोय. कॅन्सरच्या पेशीवर साखर-चरबीचा एक खास रेणू असतो, तो निरोगी पेशीवर कधीच नसतो, अँटिबॉडीने (ठरावीक रेणूला जाऊन चिकटणाऱ्या प्रथिनाने) तो रक्तात सापडतो. म्हणून त्वचेच्या कॅन्सरसाठी तपासणीचा तुकडा काढू नका, म्हणजे बायोप्सी करू नका, सुरी लागली की तो पसरतो, असं त्यात आहे. त्याखाली एका काकांनी लिहिलंय, काकूंच्या टाचेवरचा काळा डाग वाढतोय, तुकडा काढायचा होता, पण आता थांबतो. मी पॅथॉलॉजीत काम करते, म्हणून लिहितेय.

रेणू खरा आहे. मेलॅनोमा म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर. त्याच्या पेशींवर जीडी३ नावाचं ग्लायकोलिपिड, म्हणजे साखर-चरबीचा रेणू, भरपूर असतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग या कॅन्सर संस्थेतल्या संशोधकांनी आर२४ या अँटिबॉडीने ते ओळखलं.

पण 'निरोगी पेशीवर कधीच नसतो' हे साफ चूक. जीडी३ थोड्या प्रमाणात निरोगी रंगपेशींवर असतं, मेंदूत असतं, अंगावरच्या साध्या तिळांतही सापडलंय. त्याच्याच भावंडाचं, जीडी२चं उदाहरण बघा. लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या मज्जापेशींच्या कॅन्सरवर त्याविरुद्धची अँटिबॉडी औषध म्हणून देतात. जीडी२ आपल्या नसांवरही असल्यामुळे त्या मुलांना इतक्या वेदना होतात की सोबत मॉर्फिनसारखं औषध चालू ठेवावं लागतं. अँटिबॉडी रेणूचा आकार ओळखते. पेशी कॅन्सरची की साधी, हे तिला कळत नाही.

रक्ताचं म्हणाल तर मेलॅनोमाचं निदान रक्तावर होत नाही, तुकड्यावरच होतं. त्यातही ग्लायकोलिपिड रोजच्या कामाला फारसं येत नाही. तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये, मग अल्कोहोल आणि झायलीनमधून मेणात जातो, आणि या वाटेत चरबी बरीचशी विरघळून निघून जाते. ती बघायची तर गोठवलेला काप लागतो. म्हणून आम्ही एस१००, सॉक्स१०, मेलॅन-ए, एचएमबी-४५ असे प्रथिनांचे मार्कर लावतो, म्हणजे ती प्रथिनं अँटिबॉडीने शोधून रंगवतो, तेही एकटे नाही, तीन-चार मिळून, आणि पेशींची ठेवण बघून. डाग फार काळा असेल तर अँटिबॉडी दाखवायला नेहमीच्या तपकिरीऐवजी लाल रंग घेतो, नाहीतर मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेच्या स्वतःच्या रंगद्रव्याचा, तपकिरी कुठला आणि अँटिबॉडीचा कुठला, हे समजत नाही.

सुरीने पसरतो, या भीतीला आधार नाही. उलट तुकड्यावरूनच गाठीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. १ मिमीपर्यंत असेल तर सर्जन नंतर डागाभोवतीची साधारण १ सेंटीमीटर त्वचा काढतात, २ मिमीच्या वर गेली तर २ सेंटीमीटर. थांबण्यात ही जाडी वाढते.

आपल्याकडे मेलॅनोमा विरळा, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली. लोक भोवरी समजून मलम लावत बसतात.

काका, काकूंचा डाग साधाही निघेल. पण ते स्लाइडवरच कळेल. ठरलेल्या दिवशी त्यांना घेऊन जा.