‘चेन गेलीय’ म्हणे!

एका मालकाने टिकटिक वाजणारी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने बॉनेट उघडलं, दहा सेकंद मान तिरकी केली आणि निकाल दिला, ‘टायमिंग चेन गेलीय.’ म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी.

दहा सेकंद! रेस दिली नाही, बेल्ट काढला नाही, ऑईलची पट्टी ओढून बघितली नाही. इंजिन गार आहे की तापलेलं, एवढंही विचारलं नाही. लगेच चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड, पुढचं सील आणि वर नवं ऑईल. पुढचं कव्हर खोलायचं म्हणजे इंजिनखाली जॅक लावा, एका बाजूचं माउंटिंग सोडा, क्रँक पुली उतरवा, जुनं सीलंट खरवडत बसा. दोन दिवस गेले. सगळं बांधून झालं, सकाळी चावी फिरवली आणि टिक टिक टिक टिक. जशीच्या तशी. त्यावर मिस्त्रीसाहेबांचं उत्तर काय? ‘मग हेड उतरवावं लागेल.’

हेड, म्हणजे इंजिनाचा अख्खा वरचा भाग! अजून एक दिवस दिला असता तर बहुतेक गाडीच बदलायला सांगितली असती.

आवाज कसा होता ते बघा. जुनी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी. सकाळी गार इंजिनवर टिकटिक, रेसबरोबर वेग वाढतो, चढावर दाबली की मोठी होते आणि पाच-सात मिनिटांत इंजिन तापलं की गायब. मालक बिचारा पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता, शब्दन् शब्द बरोबर. एवढी स्वच्छ लक्षणं सांगणारा मालक दिवा घेऊन शोधला तरी सापडत नाही. बाकीचे ‘कसातरीच आवाज येतो हो’ म्हणून मोकळे होतात. आणि इतकं सांगूनही ऐकायचं नसेल तर मग कान कशाला दिलेत, पेन्सिल अडकवायला?

चेन अशी वाजते का? ढिली चेन सकाळी स्टार्ट होताना पहिले दोन-तीन सेकंद खर्रर्र करते. टेन्शनर बहुतेक इंजिनांत ऑईलच्या दाबावर चालतो, रात्रभरात त्यातलं ऑईल उतरलेलं असतं, दाब आला की चेन ताणली जाते आणि आवाज बंद. त्यातही पहिला संशय फिल्टरवर घ्यायचा. फिल्टरमध्ये ऑईल मागे जाऊ न देणारा एक रबरी पडदा असतो, स्वस्तातल्या फिल्टरचा तो कडक होतो आणि रोज सकाळी वरचा भाग कोरडा राहतो. फिल्टर बदलायला किती वेळ लागतो? चेन खरोखर लांबलेली असेल तर ती गरम इंजिनवरही खडखडते, विशेषतः रेस सोडताना. पण खडखडते! ठेका धरून टिकटिक करत नाही. खडखड आणि टिकटिक हे दोन वेगळे शब्द मराठीत उगाच नाहीत.

शेवटी निघालं काय, तर हेडमधून धूर गोळा करणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा टोकाचा एक स्टड, म्हणजे त्याला हेडवर धरून ठेवणारा आट्यांचा दांडा, तुटलेला. चौथ्या सिलिंडरचा. हे जुन्या गाडीत इतकं ठरलेलं आहे की सगळ्यात आधी तिथेच टॉर्च मारायला हवा. मॅनिफोल्ड तापला की लांबीत वाढतो, ती वाढ मधल्या स्टडना फारशी जाणवत नाही, टोकाच्यांना कापायलाच येते. हजारो वेळा गार-गरम झाल्यावर तो स्टड एक दिवस मान टाकतो. मग त्या कोपऱ्यात गॅस्केट उचलतं, फट पडते आणि धुराच्या प्रत्येक धक्क्याला टिक. इंजिन तापलं की धातू फुगून फट बुजते, म्हणून आवाज जातो. हीट शील्डचे दोन-तीन बोल्ट काढले असते तर हेडवर काजळीचा काळा फराटा उघडा दिसला असता. शील्ड काढायला दहाचा पाना लागतो. तो सापडला नसेल, मान्य. तो कोणालाच सापडत नाही.

आता एक गोष्ट मात्र त्या मिस्त्रीच्या बाजूने. आयडलिंग ८०० आरपीएम धरा. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, सेकंदाला तेरा फेऱ्या मारतो, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम त्याच्या निम्म्याने फिरतो, म्हणून कॅम आणि व्हॉल्व्हमधला एक टॅपेट वाजत असेल तर सेकंदाला सहा-सात टिक. आणि एका सिलिंडरचं एक्झॉस्टही क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच बाहेर पडतं, म्हणजे पुन्हा सहा-सात टिक. ठेका हुबेहूब तोच. त्यामुळे एक्झॉस्टची फट आणि टॅपेट यांत गल्लत झाली तर मी एक शब्द बोलणार नाही, भलेभले तिथे फसलेत. पण मग दोन्ही वेगळे करायची युक्ती इतकी साधी आहे की रडू येतं. एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा आणि ऐकायचं. चौथा काढला, त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटलंच नाही, तर फुसकारायला दाब कुठून येणार? आवाज लगेच मरतो. टॅपेटला पेट्रोल पेटलंय की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं, तो आपला वाजतच राहतो. दोन मिनिटांचं काम. (प्लगची वायर ओढून ही परीक्षा करू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि कन्व्हर्टर आतून वितळतो. मग नवीन खुळखुळ्याचं निदान करत बसा.)

तेही नको असेल तर गार इंजिन सुरू करून कोणाला तरी ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर दाबायला सांगायचं. आत दाब वाढतो, फट असेल तर आवाज तिप्पट होतो. नाहीतर हातभर रबरी नळी, एक टोक कानाला, दुसरं टोक जोडावरून फिरवायचं. पंख्यापासून लांब.

आणि स्कॅनर, गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं मशीन! ‘स्कॅनर लावला, कोड नाही, म्हणजे इंजिन ओके.’ मॅनिफोल्डची फट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असली की बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, कॉम्प्युटर बिनकामाचं जास्त पेट्रोल देतो. फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा, अधिकमध्ये सरकलेला होता, त्याच पडद्यावर, दोन बटणं पलीकडे. कोड पडतो तो मर्यादा ओलांडल्यावर. तोपर्यंत आकडे वाचावे लागतात. पण नाही, लाल अक्षरं दिसली नाहीत की मशीन मिटवून पिशवीत.

निघालंच आहे तर घट्ट ऑईलवाल्यांचंही होऊन जाऊ दे. ५डब्ल्यू-३० च्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओततात, आवाज जरा दबतो, सगळे खूश. बेअरिंगची झीज दबत नाही. उलट हायड्रॉलिक लिफ्टरच्या, म्हणजे ऑईलच्या दाबावर चालणाऱ्या टॅपेटच्या, बारीक भोकांतून ते जाड ऑईल सकाळी जायलाच वेळ लावतं, म्हणजे ज्याच्यासाठी ओतलं तोच जास्त वेळ कोरडा वाजतो. ‘पण ऑईलचा दिवा लागत नाही ना!’ तो दिवा बहुतेक गाड्यांत दाब पाच-सात पीएसआयच्या खाली गेल्यावर लागतो. तो लागेपर्यंत वाट बघणं म्हणजे धूर दिसल्यावर दूध उतरवायला जाणं. ऑईल स्विच काढून त्याच आट्यांत साधा काट्याचा गेज बसवा, इंजिन पूर्ण तापवा, दर हजार आरपीएमला साधारण दहा पीएसआय हा ढोबळ हिशेब धरा, आणि नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलात बघा.

टॅपेट ‘गप्प करून’ देणारे तर वेगळेच महाभाग. गॅप ०.२० मिलिमीटर हवा तिथे ०.१० वर आवळून देतात. आवाज गेला, शाबासकी मिळाली. पुढे व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये जायला वाटच राहत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. किंचित वाजणाऱ्या टॅपेटला मी हात लावणार नाही, पण अजिबात न वाजणारे जुने टॅपेट बघितले की माझ्या पोटात गोळा येतो.

याच्या उलट टोकाला ती घबराट जमात. खालून ठकठक आली की ‘बेअरिंग गेलं, हाफ इंजिन करावं लागणार.’ अरे, आधी क्रँक पुली बघा! जुन्या गाडीत पुलीच्या आतल्या भागात आणि बाहेरच्या कड्यामध्ये जे रबर असतं ते वाळून सुटतं आणि कडं घसरायला लागतं. आवाज हुबेहूब बिग एंडसारखा, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरच्या बेअरिंगसारखा. दोन्ही भागांवरून एकच खडूची रेघ ओढा, इंजिन चालवून बंद करा. रेघ तुटली की पुली गेली. गाडी ऑटोमॅटिक असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या फ्लेक्स प्लेटचा तडा आणि टॉर्क कन्व्हर्टरचे ढिले बोल्टही असेच ठोकतात. खरंच बिग एंड असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर बंद केला की ठोका स्पष्ट मवाळ होतो, आणि जुना फिल्टर कापून उलगडला की घड्यांमध्ये चकाकणारी पूड दिसते. चुंबक फिरवा, चिकटत नसेल तर ती बेअरिंगची. मग मात्र एक किलोमीटरही चालवू नका, टो करा. इतकं केल्यावर म्हणा ‘इंजिन काम’, कोणी अडवणार नाही.

जुन्या डिझेलला पाइपचे नट एकेक ढिले करून ठोकणारा इंजेक्टर शोधायची पद्धत होती. तीच पद्धत नव्या कॉमन रेल डिझेलवर करायला निघालेले लोक बघितले की भांडायचीही ताकद उरत नाही. तिथे दाब हजार बारच्याही वर जातो, डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. रिटर्न नळ्या बाटल्यांमध्ये सोडा, कोणती बाटली आधी भरते ते बघा आणि हात सलामत ठेवा.

मोबाइलवरचे व्हिडिओ पाठवून ‘सांगा काय आहे’ म्हणणाऱ्यांवर रागवावं असं फार वाटतं. फोन मोठा आवाज आपोआप दाबतो, बारीक आवाज फुगवतो, त्यात हजार रुपयांचं घड्याळ आणि फुटलेला पिस्टन सारखेच वाजतात. पण दुसरा उपाय तरी काय आहे त्यांच्याकडे? गाडी दाखवायला नेली की ती गप्प बसते. का बसणार नाही, वीस मिनिटं चालवून तापवून नेल्यावर! गार इंजिनचा आवाज दाखवायचा तर गाडी रात्री तिथेच ठेवावी लागते, ही साधी गोष्ट सांगायचीही कोणाला फुरसत नाही.

आता या तावातावाने बोलणाऱ्या कानवाल्या जमातीबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडावर टेकवून, डोळे मिटून, चालू इंजिनवर ओणवे झालेलो आम्ही कसे दिसतो हे कधी आरशात बघितलेलं नाही ते बरंच आहे. समाधी लागल्यासारखा चेहरा आणि कपाळाला ग्रीसचं गंध. बाजूला कोणी खोकलं तरी ‘श्शूऽऽ’. पंखा लावला की त्याचं बेअरिंग मोजणार, मिक्सर लावला की कपलिंग. दुसऱ्याच्या गाडीत बसलो की बोलता बोलता डॅशबोर्डवर हात दाबून खुळखुळ शोधणार. मग लोक गाण्यांचा आवाज वाढवतात आणि आम्हाला वाटतं त्यांना संगीताची आवड आहे. आणि एवढा तेज कान असूनही अर्धा तास शोधलेला आवाज बॅटरीच्या ट्रेमध्ये विसरलेल्या आपल्याच पान्याचा निघू शकतो. हो, दहाच्याच.

असो. तो स्टड. अर्धा बाहेर उरला होता, हे नशीब. आटे सुटायचं ऑईल रात्रभर मुरवा, तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्ड करा, लाल तापलेला थोडा निवू द्या आणि घाई न करता पुढे-मागे हलवत काढा. नुसता पुढे ओढला तर उरलेला तुकडाही आत तुटतो, मग अचूक मध्य धरून ड्रिल करत बसावं लागतं. तुकडा बाहेर काढायचा एक्स्ट्रॅक्टरच आत तुटला तर विषयच संपला, तो ड्रिलला दाद देत नाही. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे ड्रिल वाकडं गेलं की आटेच गेले. मॅनिफोल्डचं तोंड सरळपट्टी ठेवून तपासायचं, वाकलं असेल तर मशीन करून घ्यायचं, नाहीतर नवं गॅस्केट महिनाभरात पुन्हा उचलणार. स्टड सगळेच नवे, मधून टोकाकडे टप्प्याटप्प्याने आवळायचे, टॉर्क रेंचने, आणि मॅन्युअलात लिहिलं असेल तर इंजिन एकदा तापून पूर्ण गार झाल्यावर पुन्हा तपासायचे.

सगळं मिळून एका दिवसाचं काम. चेन बाकी छान आहे, नवीकोरी.

आणि हो, टिकटिक गेल्यावर सकाळी जी चिवचिव ऐकू यायला लागलीय ती आधीपासूनच होती, फक्त खाली दबलेली होती. ती बेल्टची. इंजिन चालू ठेवून बाटलीने बेल्टच्या खाचांवर थोडं पाणी मारा. क्षणभर गप्प होऊन परत आली तर एखादी पुली रेषेत नाही, वाढली तर बेल्टला ताण कमी आहे. आणि कोणी बॉनेटमध्ये डोकावून ‘अल्टरनेटर गेलाय’ म्हणालं, तर उरलेलं पाणी कुठे ओतायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.