जुन्या गावठी चर्चच्या भिंती कोऱ्या होत्या? अजिबात नाही

इंग्लंडच्या खेड्यांमधल्या जुन्या चर्चचे फोटो फिरतात ना, त्याखाली ठरलेला मजकूर असतो की बघा पांढऱ्या भिंती, उघडा दगड, मध्ययुगात गावं गरीब होती म्हणून सजावट फक्त मोठ्या कॅथेड्रलमध्ये. जवळपास सगळंच चूक आहे हे.

पहिलं म्हणजे पांढरा रंग. खाली चित्रं होती हो! १५४७ मध्ये सहाव्या एडवर्डच्या राजवटीत चर्चमधल्या मूर्ती, चित्रं नष्ट करायचे हुकूम निघाले आणि मग गावोगाव चित्रांवर चुना फासला गेला. सफोकमधलं वेनहॅस्टन बघा, १८९२ ला चर्चची दुरुस्ती चालू होती, कमानीतल्या चुना मारलेल्या जुन्या फळ्या काढून बाहेर कबरींच्या आवारात टाकल्या, रात्री पाऊस पडला, चुना धुऊन गेला आणि खालून अंतिम न्यायाचं, म्हणजे जगाच्या शेवटी देव सगळ्या आत्म्यांचा निवाडा करतो त्याचं, अख्खं चित्र वर आलं. त्यात आत्मे उघडेनागडे, पण राजाच्या डोक्यावर मुकुट आणि बिशपच्या डोक्यावर त्याची उंच टोपी तशीच, आणि एका कडेला माशासारखा जबडा वासलेला नरक. मधोमध क्रुसाच्या आकाराची कोरी जागा आहे, कारण तिथली क्रुसावरच्या येशूची लाकडी मूर्ती आधीच काढून टाकलेली. मला तर ती कोरी जागाच सगळ्यात जास्त बोलकी वाटते.

गरिबीचं म्हणाल तर रंग मुख्यतः तांबडी-पिवळी माती, चुना आणि काजळी, यात महाग काय आहे? सरे परगण्यातल्या चॅल्डनला १२०० च्या सुमाराचं भित्तिचित्र आहे, वर स्वर्गाकडे जाणारी शिडी, खाली सैतान, आणि लबाड कारागिरांना चालायला काट्यांचा पूल. तेही गावचंच चर्च.

आणि हो, काम अडाणी हातांचं होतं असं कुणी म्हणेल, तर तेही पटत नाही. ग्लॉस्टरशरमधल्या केम्प्लीला १२व्या शतकातली चित्रं ओल्या गिलाव्यावर काढलीत, गिलावा सुकायच्या आत हात चालवावा लागतो, ते येरागबाळ्याचं काम नव्हे.

उघड्या दगडाचं तर उलटंच आहे. १९व्या शतकात दुरुस्तीच्या नावाखाली गिलावा खरवडून काढायची टूम निघाली, चुन्याखाली शाबूत राहिलेली चित्रं त्यात कायमची गेली, इंग्लिश कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये याच प्रकाराविरुद्ध संस्था काढली. मध्ययुगातले लोक तर दगडावर गिलावा करून त्यावर तांबड्या रेषांनी चिऱ्यांचे सांधे रंगवायचे, वर प्रत्येक चिऱ्यात एखादं फूलही काढायचे.